ज्याच्या हाती लेखणी : अमेरिकी स्थलनामांची कुळकथा

अमेरिकेच्या पूर्व भागाचा सविस्तर नकाशा पाहताना ‘बॉम्बे’ हे नाव दोनदा भेटते. एक डेलावेअर राज्यात, डेलावेअर उपसागराच्या काठी. तिथल्या विस्तीर्ण खाजणाला ‘बॉम्बे हुक’ म्हणतात. दुसरे न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ. ते ‘बॉम्बे’ नावाचे छोटेसे गाव आहे. मराठी वाचकाला साहजिकच वाटेल की या दोन्हींचा आपल्या मुंबईशी काहीतरी संबंध असणार. प्रत्यक्षात एकाचा तो आहे आणि दुसऱ्याचा काडीचाही नाही.

आधी डेलावेअरचे बॉम्बे पाहू. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर डचांचा वावर होता. डच भाषेत झाडाला ‘बोम’ म्हणतात, लहान झाडांना ‘बोम्प्येस’, आणि ‘हुक’ म्हणजे कोपरा किंवा जमिनीचे पुढे आलेले टोक. ‘बोम्प्येस हुक’ म्हणजे लहान झाडांचे टोक. पुढे सत्ता इंग्रजांकडे गेली. त्यांच्या जिभेवर ‘बोम्प्येस’चे ‘बॉम्बे’ झाले आणि तेच कागदावर उतरले. १९३७ साली तिथे पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले तेव्हा तेही याच नावाने झाले. या जमिनीच्या व्यवहाराची १६७९ सालची नोंद उपलब्ध आहे. तिथल्या मूलनिवासी प्रमुखाने ही दलदल पीटर बेयार्ड नावाच्या वसाहतवाल्याला दिली, आणि बदल्यात त्याला मिळाले ते असे : एक बंदूक, चार मुठी बंदुकीची दारू, तीन बंड्या, मद्याचे एक लहान पिंप आणि एक किटली.

न्यूयॉर्कचे बॉम्बे मात्र खरोखर मुंबईवरून आले. मायकेल होगन हा आयरिश जहाजाचा कप्तान आणि व्यापारी. त्याच्या पत्नीचा मुंबईशी संबंध होता. होगनने न्यूयॉर्कच्या उत्तरेकडे मोठी जमीन घेतली, आणि १८३३ साली शेजारच्या गावातून नवे गाव वेगळे काढले गेले तेव्हा त्याला ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. जवळच होगनच्या नावाचे होगन्सबर्गही आहे. हा सारा टापू मोहॉक लोकांच्या ‘अक्वेसास्नी’ या प्रदेशाला लागून, काही ठिकाणी त्याच्या आतच आहे.

एक नाव चुकीचे ऐकण्यातून आले, दुसरे मालकीतून. या दोन्ही कहाण्यांत डच आहेत, इंग्रज आहेत, आयरिश कप्तान आहे, लांबून मुंबईही आहे. ज्यांची जमीन होती त्यांनी तिला काय म्हटले असेल, हे मात्र दोन्ही नावांतून कळत नाही. अमेरिकेची स्थलनामे गेली काही वर्षे चाळताना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवत आली आहे. स्थलनाम त्या जागेविषयी थोडेच सांगते. ते जास्त सांगते ते नाव लिहून घेणाऱ्याविषयी : त्याच्या कानाविषयी, त्याने वाचलेल्या पुस्तकांविषयी आणि त्याच्या हातातल्या अधिकाराविषयी. प्रस्तुत लेखात हे काही ठळक उदाहरणांतून मांडायचे आहे.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गावांच्या नावांचा नाद लागला तो आपल्याकडच्याच नावांपासून. स्थलनामांच्या व्युत्पत्तीतून इतिहास हुडकण्याची वाट मराठीत वि. का. राजवाडे यांनी दाखवली, तिच्यावरून चालण्याचा हा माझा साधासा प्रयत्न. या वाटेवरचे नियम तीनच. पहिला, नावाचे सर्वांत जुने लेखन शोधावे. दुसरा, ते नाव कोणत्या भाषेतले आणि कोणी लिहून घेतले ते पाहावे. तिसरा, स्थानिक लोक सांगतात ती रंजक कथा सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. अमेरिकेत या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ जॉर्ज स्ट्युअर्ट यांनी १९४५ साली लिहिला. ते इंग्रजीचे प्राध्यापक आणि कादंबरीकार होते. त्या देशाचा इतिहास लढायांऐवजी नावांच्या आधारे सांगता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

कानांनी केलेली नावे

पुण्याचे ‘पूना’ आणि खडकीचे ‘किर्की’ कसे झाले हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत हा प्रकार शेकडो भाषांच्या बाबतीत झाला, आणि अनेकदा एकाच नावावर दोन-तीन परक्या कानांचे संस्कार झाले.

मॅनहॅटनचेच पाहा. १६०९ साली हेन्री हडसनच्या जहाजावरील रॉबर्ट ज्यूएट याने आपल्या रोजनिशीत ‘मॅना-हाटा’ असे नाव टिपले. बेट लेनापी लोकांचे होते. या नावाचे अर्थ पुढे अनेकांनी लावले. कोणी ‘डोंगरांचे बेट’ म्हटले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर हेकवेल्डर नावाच्या मिशनऱ्याने, युरोपियनांनी पाजलेल्या मद्याने सगळे जिथे झिंगले ती जागा, अशी कथा नोंदवली. पाहुण्यांनी दारू पाजली आणि यजमानांच्या बेटाला तेच नाव चिकटले, ही गोष्ट इतकी चटकदार आहे की ती अजूनही सांगितली जाते. भाषाशास्त्रज्ञ आइव्ह्ज गोडार्ड यांनी लेनापींच्या मुन्सी बोलीच्या आधारे दिलेला अर्थ साधा आहे : जिथे धनुष्ये मिळतात ती जागा. बेटाच्या दक्षिण टोकाला धनुष्याला योग्य अशा लाकडाची झाडे होती. कामाच्या वस्तूवरून जागेला नाव देण्याची ही रीत जगभर सापडते, आणि म्हणूनच ती दारूच्या कथेपेक्षा पटते.

त्याच बेटाच्या टोकावर डचांनी न्यू ॲमस्टरडॅम वसवले. इंग्रजांनी १६६४ साली ते घेतले आणि राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्या नावाने न्यूयॉर्क केले. मोठे नाव बदलले, तरी भोवतालची लहान नावे डचच राहिली. ब्रेकेलेनचे ब्रुकलिन झाले, हार्लेम हार्लेमच राहिले, आणि डच भाषेत शेतवाडीला जो शब्द आहे त्याचे ‘बावरी’ झाले. राज्यकर्ता बदलला की आधी राजधानीची पाटी बदलते. गल्लीबोळांपर्यंत त्याचे हात उशिरा पोचतात, कधी पोचतही नाहीत.

विस्कॉन्सिनचे नाव तर एका अक्षराच्या घोटाळ्यातून घडले. १६७३ साली फ्रेंच पाद्री मार्केट त्या नदीतून गेला, तेव्हा त्याने नाव लिहिले ते ‘म’ने सुरू होणारे, ‘मेस्कूसिंग’ असे काहीसे. शब्द मायामी-इलिनॉय भाषेतला, आणि नदीकाठच्या लाल खडकांशी त्याचा संबंध जोडला जातो. पुढे नक्कल करताना हस्ताक्षरातले ‘एम’ हे अक्षर ‘ओयू’सारखे वाचले गेले आणि ‘उइस्कॉन्सिन’ तयार झाले. इंग्रजांनी ते आपल्या वळणाने लिहिले. तिथल्या एका गव्हर्नरला ते ‘के’ अक्षराने लिहायला आवडत असे. अखेर १८४५ साली विधिमंडळाला स्पेलिंग ठरवून द्यावे लागले. ज्या अक्षरामुळे शब्दाला अर्थ होता ते सुरुवातीचे ‘म’ कायमचे गेले. आज त्या राज्यात लाखो माणसे जे नाव घेतात, ते मूळ भाषेत कधी कोणी उच्चारलेच नव्हते.

अर्कान्सासची गोष्ट उलटी. क्वापॉ लोकांना त्यांचे इलिनॉय शेजारी ज्या नावाने ओळखत, ते फ्रेंचांनी ऐकले आणि आपल्या पद्धतीने शेवटी अनेकवचनाचा ‘एस’ जोडला. फ्रेंचमध्ये तो उच्चारायचा नसतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनी स्पेलिंग फ्रेंचांचे घेतले. उच्चाराबाबत मात्र दोन तट पडले. एक काळ असा होता की त्या राज्याचे दोन सिनेटर आपल्या राज्याचे नाव दोन प्रकारे उच्चारत, असे सांगतात. १८८१ साली विधिमंडळाने ठराव केला की उच्चार ‘आर्कन्सॉ’ असाच करावा. तरी कॅन्सस राज्यात त्याच नावाच्या नदीला लोक आजही ‘अर-कॅन्सस’ म्हणतात. नदी एकच, पण सीमा ओलांडली की तिचा उच्चार बदलतो.

या प्रकारातले माझे आवडते नाव कोलोरॅडोच्या आग्नेय भागातले आहे. तिथल्या एका नदीला स्पॅनिश लोकांनी ‘परगेटरीत अडकलेल्या आत्म्यांची नदी’ अशा अर्थाचे लांबलचक नाव दिले होते. परगेटरी म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार स्वर्गाआधीचे शुद्धीचे स्थान. फ्रेंच शिकाऱ्यांनी त्यातला एकच शब्द घेतला : ‘पुर्गात्वार’. इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांच्या तोंडी त्याचे ‘पिकेटवायर’ झाले. पिकेट म्हणजे खुंटा, वायर म्हणजे तार. तीन भाषांतून येता येता भटकत्या आत्म्यांचे कुंपण झाले. नकाशावर आज फ्रेंच रूप आहे, तर बोलण्यात पिकेटवायर टिकून आहे.

पुस्तकांतून उतरलेली नावे

कानांनंतर पाळी येते पुस्तकांची. कॅलिफोर्निया हे नाव कादंबरीतले आहे. गार्सी रोद्रीगेस दे मोंताल्व्हो या स्पॅनिश लेखकाची एक शौर्यकथा १५१० च्या सुमारास छापली गेली. तिच्यात कॅलिफोर्निया नावाचे बेट आहे, कालाफिया नावाची राणी आहे, आणि त्या बेटावर सोन्याशिवाय दुसरा धातू नाही. मेक्सिकोतून पश्चिमेकडे निघालेल्या स्पॅनिश खलाशांना एक लांबट भूभाग दिसला. तो द्वीपकल्प होता, त्यांना बेट वाटला, आणि कादंबरीतले नाव त्याला दिले गेले. पुढे लोक नावाचा उगम विसरले. ‘तापलेली भट्टी’ वगैरे लॅटिन अर्थ काढण्यात शतके गेली. १८६२ साली एडवर्ड एव्हरेट हेल या लेखकाने ती जुनी कादंबरी वाचताना हा दुवा शोधला. मधल्या काळात, १८४८ साली, कॅलिफोर्नियात खरोखरच सोने सापडले होते. तो निव्वळ योगायोग होता.

टॉमस जेफरसन यांनी १७८४ साली ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या परिसरात होऊ घातलेल्या राज्यांसाठी दहा नावे सुचवली होती. त्यांत पॉलिपोटेमिया, मेट्रोपोटेमिया, असेनिसिपिया, केरोनेसस अशी ग्रीक-लॅटिन आणि मूलनिवासी शब्दांची खिचडी होती. ती नावे बारगळली. पण त्या खिचडीमागची हौस तेवढ्यावर संपली नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी ती पूर्ण झाली. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना जमिनी देण्यासाठी तिथे मोठा प्रदेश आखला गेला. त्याचे पुढे २८ विभाग झाले. एका सरकारी कचेरीत बसून, १७९० च्या आसपास, त्यांना नावे दिली गेली : होमर, व्हर्जिल, ओव्हिड, सिसेरो, पॉम्पी, हॅनिबल, सिपिओ, युलिसिस, आणि इंग्रजी कवींपैकी मिल्टन व ड्रायडन. बराच काळ लोकांनी या नावांबद्दल सर्वेक्षण-प्रमुख सिमिऑन डी विट यांची टर उडवली. ती नावे रॉबर्ट हार्पर नावाच्या कारकुनाने दिली असावीत, असे आता मानले जाते. युलिसिस विभागात पुढे एक गाव वसले, तेव्हा डी विट यांनी युलिसिसच्या बेटाचे नाव त्याला दिले : इथाका. कॉर्नेल विद्यापीठामुळे ते नाव आज अनेक मराठी घरांत माहीत आहे.

ही हकिगत बहुधा गमतीने सांगितली जाते. जंगलात सिसेरो आणि ओव्हिड, कारकुनाची विद्वत्ता, वगैरे. पण त्या जमिनीवर दहा-बारा वर्षांपूर्वी काय घडले होते ते पाहिले की गंमत उरत नाही. तो प्रदेश ओनोनडागा आणि कायुगा लोकांचा, म्हणजे ज्यांना युरोपियन इरोक्वॉय म्हणत त्या हौडेनोसौनी संघाचा. या संघातील बहुतेक लोक ब्रिटिशांच्या बाजूने होते, म्हणून १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जनरल सलिव्हान यांना तिथे पाठवले. फौजेने चाळीसहून अधिक गावे जाळली, उभे मक्याचे पीक आणि फळबागा तोडल्या. त्या गावांना नावे होती. त्यांतली काही सैनिकांच्या रोजनिशींमध्ये वेड्यावाकड्या स्पेलिंगने उरली आहेत. होमर आणि व्हर्जिल आले ते अशा रिकाम्या केलेल्या पाटीवर.

आणि ज्यांचे नाव अमेरिकेत राजधानीला, एका राज्याला, कित्येक जिल्ह्यांना आणि गावांना दिलेले आहे, त्या वॉशिंग्टन यांनाही इरोक्वॉय लोकांनी एक नाव दिले होते. त्याचा अर्थ : गावे उद्ध्वस्त करणारा. ते मूळचे त्यांच्या पणजोबांचे, पुढे १७५३ च्या सुमारास तरुण वॉशिंग्टनना मिळालेले. १७७९ नंतर ते अक्षरशः खरे ठरले. १७९० साली सेनेका प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना निवेदन दिले. आपल्या बायका हे नाव ऐकले की आजही मागे वळून पाहतात आणि पोरे आयांना बिलगतात, अशा आशयाचे त्यात म्हटले होते. एकाच माणसाची ही दोन नावे. त्यांतले एक नकाशावर शेकडो वेळा छापले गेले, दुसरे एकदाही नाही.

बनावट मूळ नावे

एकोणिसाव्या शतकात अभिरुची पालटली. आता ‘इंडियन’ वाटणारी नावे हवीहवीशी झाली. हेन्री स्कूलक्राफ्ट हा या फॅशनचा मोठा शिल्पकार. १८३२ साली ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने त्याला मिसिसिपीच्या उगमाशी असलेल्या सरोवरापाशी नेले. ओजिब्वे भाषेत त्याचे नाव होते, ‘एल्क हरणांचे सरोवर’ अशा अर्थाचे. फ्रेंचांनीही तशाच अर्थाचे नाव वापरले होते. स्कूलक्राफ्टने मात्र ‘खरे’ आणि ‘शीर’ या अर्थांचे दोन लॅटिन शब्द घेतले, ‘वेरितास कापुत’. त्यांची डोकी-शेपट्या छाटली आणि ‘इटास्का’ बनवले. नाव ऐकायला मूलनिवासी, हाडामांसाने लॅटिन. पुढे मिशिगनच्या जिल्ह्यांसाठी त्याने असेच शब्द जुळवले : अल्पिना, अल्कोना, ऑस्कोडा, टस्कोला. त्यांत थोडे ओजिब्वे, थोडे लॅटिन, थोडे अरबी.

स्कूलक्राफ्टला भाषा येत नव्हती असे म्हणावे, तर त्याची पत्नी जेन ही ओजिब्वे आईची मुलगी. ती दोन्ही भाषांत कविता लिहीत असे. अस्सल नावे सांगणारे माणूस घरातच होते. पण त्याला हवे होते ते परकेपणाचा सुवास असलेले आणि इंग्रजी जिभेला सोपे असे नाव. अस्सल नाव अडचणीचे असते. त्याला अर्थ असतो, आणि अर्थ सांगणारी जिवंत माणसे असतात.

वायोमिंगमध्ये हेच वेगळ्या रीतीने झाले. हा शब्द पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनियातला, लेनापी लोकांच्या भाषेतला. नदीकाठची मोठी सपाट जमीन असा त्याचा अर्थ. तिथे १७७८ साली झालेल्या लढाईवर टॉमस कॅम्बेल या स्कॉटिश कवीने १८०९ साली दीर्घकाव्य लिहिले आणि नाव गाजले. मग डोंगराळ पश्चिमेत नवा प्रांत करायचा ठरला, तेव्हा १८६५ साली ओहायोच्या एका काँग्रेस सदस्याने हेच नाव सुचवले आणि १८६८ साली ते कायम झाले. नवा प्रांत शोशोनी, अरापाहो, क्रो अशा लोकांचा. त्यांच्यापैकी कोणाच्याही भाषेत हा शब्द नव्हता.

माणसे गेली, नावे राहिली

अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांची नावे मूलनिवासी भाषांतून आली आहेत. याचा दाखला देऊन कधीकधी सांगितले जाते की त्या देशाने मूळ रहिवाशांची आठवण जपली. तारखा जुळवून पाहिल्या की हा दाखला डळमळतो. टेनेसी १७९६ साली राज्य झाले, मिसिसिपी १८१७ साली, अलाबामा १८१९ साली. १८३० साली काँग्रेसने मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला. नावे कायम झाली, आणि त्याच पिढीत ती भाषा बोलणारी माणसे तिथून हाकलली गेली. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना पश्चिमेकडे नेण्यात आले. त्यांतले सुमारे चार हजार दगावले, असा अंदाज नेहमी दिला जातो.

टेनेसी हे नाव ‘तनासी’ या चेरोकी गावावरून आले. अठराव्या शतकात काही काळ ते चेरोकींचे मुख्य गाव होते. शब्दाचा अर्थ आज कोणालाच ठाऊक नाही. चेरोकी जाणकारही तो हरवला असेच सांगतात. आणि गाव? १९७९ साली लिटल टेनेसी नदीवरचे टेलिको धरण भरले, तेव्हा तनासीची जागा पाण्याखाली गेली. काठावर एक स्मारकशिला आहे. धरणात गाव जाणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. इथे मात्र फरक असा की ज्या गावाच्या नावाने ७० लाख माणसांचे राज्य ओळखले जाते, ते गावच तळाशी आहे.

हुसकावलेली माणसे मात्र हात हलवत गेली नाहीत. स्थलनामांच्या अभ्यासात मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. मस्कोगी, म्हणजे ज्यांना इंग्रज क्रीक म्हणत, ते लोक अलाबामातून आजच्या ओक्लाहोमात नेले गेले. अलाबामात युफॉला आहे, ओक्लाहोमातही युफॉला आहे. अलाबामात वेटम्पका आहे, ओक्लाहोमात वेटम्का. त्यांच्यातल्या एका समूहाने जुन्या गावातल्या अग्नीची राख सोबत आणली, अर्कान्सास नदीच्या काठी एका ओकच्या झाडाखाली नवा अग्नी पेटवला, आणि वस्तीला आपल्या भाषेतले नाव दिले : ‘तलासी’, म्हणजे जुने गाव. तेच आजचे टल्सा शहर. अगदी नव्या जागेला ‘जुने गाव’ म्हणायचे, यात त्या माणसांनी काय गमावले होते ते सारे आले.

इंग्रजांनी बॉस्टन, प्लिमथ ही घरची नावे समुद्रापार नेली. मस्कोगींनी युफॉला नेले. कृती एकच दिसते. फरक एवढाच की एकजण जमीन घ्यायला निघाला होता आणि दुसऱ्याची घेतली गेली होती. खुद्द ‘ओक्लाहोमा’ हे नावही चॉक्टॉ प्रमुख ॲलन राइट यांनी १८६६ साली सुचवले. ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. निदान हे एक नाव असे, जे त्या भाषेच्या माणसाने, अर्थ जाणून, स्वतः दिले.

कचेरीतले निकाल

१८९० साली राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी भौगोलिक नावांचे मंडळ नेमले. एकाच डोंगराची तीन खात्यांच्या नकाशांत तीन स्पेलिंगे, हा गोंधळ थांबवणे हे त्याचे काम. मंडळाने सपाटीकरण जोरात सुरू केले. ‘बर्ग’ने संपणाऱ्या नावांतले शेवटचे ‘एच’ काढायचे ठरले आणि पिट्सबर्गचा ‘एच’ गेला. शहराने वीस वर्षे कुरकुर केली आणि १९११ साली तो परत मिळवला. मालकी दाखवणारे अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह मंडळ आजही सहसा मान्य करत नाही. देशभरात त्याला अपवाद मिळाले ते जेमतेम पाच.

ही झाली स्पेलिंगची भांडणे. अलास्कातल्या शिखराचे भांडण याहून खोल आहे. वीस हजार फुटांहून उंच असलेल्या या शिखराला कोयुकॉन लोक ‘डेनाली’ म्हणजे ‘उंच तो’ म्हणतात. १८९६ साली सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या विल्यम डिकी याने त्याला विल्यम मॅकिन्ली यांचे नाव दिले. मॅकिन्ली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते, सुवर्णचलनाचे पुरस्कर्ते होते, आणि अलास्कात त्यांनी कधी पाऊल टाकले नाही. १९७५ साली अलास्का राज्याने अधिकृतपणे डेनाली हे नाव मागितले. मॅकिन्ली ओहायोचे. त्या राज्याचे काँग्रेस सदस्य राल्फ रेग्युला यांनी एक सोपी युक्ती केली. काँग्रेसपुढे विधेयक असेल त्या नावावर मंडळ निर्णय घेत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे विधेयक मांडत राहिले. २०१५ साली ओबामा सरकारने नाव डेनाली केले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून पुन्हा मॅकिन्ली केले. भोवतालच्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव मात्र १९८० पासून डेनालीच आहे.

मधल्या काळात दुसरा एक बदल झाला. ‘स्क्वॉ’ हा शब्द अल्गोंक्वियन भाषांत स्त्रीवाचक होता. इंग्रजीत तो मूलनिवासी स्त्रियांसाठी शिवीसारखा वापरला गेला आणि शेकडो टेकड्या-ओढ्यांच्या नावांत शिरला. लगुना प्युब्लो समाजाच्या डेब हालंड २०२१ साली गृहखात्याच्या मंत्री झाल्या. हे खाते सरकारी जमिनी सांभाळते, आणि मंत्रिमंडळात पोचलेल्या त्या पहिल्या मूलनिवासी. त्यांनी आदेश दिला आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत सुमारे साडेसहाशे ठिकाणांची नावे बदलली गेली. ज्यांना ते नाव चिकटवले होते, त्यांच्यापैकीच एकीच्या हाती प्रथमच लेखणी आली होती.

नामांतराच्या वादात दोन टोके नेहमी दिसतात. एक म्हणते, नाव बदलून इतिहास पुसला जातो. दुसरे म्हणते, जुने नाव परत आणले की न्याय झाला. वरच्या उदाहरणांनंतर मला दोन्ही अपुरी वाटतात. इतिहास पुसला गेलाच असेल तर तो पहिल्या नामकरणाच्या वेळी, आणि तेव्हा कोणाला हरकत घ्यायला जागा नव्हती. दुसरीकडे, नुसता ध्वनी परत आणून भागत नाही, हे टेनेसीवरून दिसते. मूलनिवासी नाव दोनशे वर्षे मानाने मिरवले गेले आणि माणसे हजार मैलांवर राहिली. नाव जिवंत राहते ते त्याचा अर्थ कळणारी माणसे ते रोज वापरतात तिथे. टल्सात ते राहिले, कारण राखेबरोबर भाषाही तिथे आली.

आपल्या मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले. न्यूयॉर्कच्या त्या खेड्याने आपले नाव बदलले नाही. तिथे अजून बॉम्बेच आहे, आणि बदलण्याचे कारणही त्यांना नाही. त्या बॉम्बेला लागून राहणारे मोहॉक लोक आपल्या भूमीला अक्वेसास्नी म्हणतात. त्याचा अर्थ आहे, जिथे रानकोंबडा पंख फडफडवून ढोल वाजवतो ती जागा. या नावात राजा नाही, कप्तान नाही, कवी नाही. तिथे उभे राहून कोणीतरी कान दिला होता, एवढेच त्यात आहे, आणि ते नाव घेणारी माणसे अजून तिथेच आहेत.